छाट

टॉवेल मोजताना मी शंभरदा चुकलो असेन,
ही माळ मोजताना चुकलो नाही :
एकोणसाठ मणी, आणि एक तुटका.

कंपालाच्या बाई माल बघायला आल्या होत्या
अक्कलकोट रोडच्या उन्हात, पांढरी छत्री घेऊन.
प्रत्येक मागापाशी थांबून विचारायच्या,
ह्यांचं नाव काय?
मालक नंबर सांगायचे. मागाचा.
जाताना माळ माझ्या हातात ठेवली,
म्हणाल्या, घरी कुणाला तरी द्या.

घरी म्हणजे चिन्नम्मा.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
गोणपाटात ओली पानं,
आणि पत्र्याचा साचा, इतका झिजलेला
की विडीसुद्धा वर्षागणिक बारीक होत आलीय.

चष्मा कपाळावर ढकलून
तिनं एक मणी बोटांत फिरवला.
हे वळलंय, म्हणाली.
मी म्हटलं, काच असेल. लाख असेल.
वळलंय रा.
रुंद टोकाकडनं सुरुवात, निमुळतं शेवटी.
आत सुई होती, मग काढली.

माळेच्या चिठ्ठीवरचं श्रावणीनं वाचून दाखवलं :
नाकाटो. जुन्या कॅलेंडरांचा कागद.
पाच दुपारी. योग्य मोबदला.

योग्य हा शब्द चिन्नम्मानं
परत वाचायला लावला.
मग विचारलं, हजाराला किती मिळतात तिला?
मग विचारलं, खोकला आहे का?
मग बराच वेळ काही नाही, नुसती कात्री,
आणि मग,
तिची छाट कोण काढतं?

काय सांगणार.
कारखान्यात टोपली पालथी होते,
बाई मूठभर विड्या तळहातावर दाबते, बाजूला फेकते.
फेकलेल्या परत मिळत नाहीत.
पैसेही नाहीत.
पुढं त्याच विड्या कुणीतरी ओढतं
आणि त्याला छाटीची चव वेगळी लागत नाही.

मला उगाच मंगळवार बाजार आठवला,
खराट्याला पाच रुपये कमी करून घेतलेले.
घे बाबा, म्हणाली होती ती, बोहनी आहे.
छान बांधलेला खराटा. अजून टिकलाय.
तिचं नाव?
मी तर मागाचा नंबरसुद्धा विचारला नव्हता.

रात्री चिन्नम्मानं तुटका मणी
पानांच्याच पाण्यात भिजत टाकला,
सकाळी नखानं उलगडला.
हातभर पट्टी निघाली, निमुळती,
तिच्यावर सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस.
सगळा एकच वार.
कुठला, ते कापलेल्या भागात राहिलेलं.
एकवीसभोवती पेनाचा गोल.
दवाखाना असेल, श्रावणी म्हणाली.
भिशी असेल, मी म्हटलं.
शनिवार असेल, चिन्नम्मा म्हणाली. पगाराचा.

पट्टी वाळली तशी तिनं परत वळली.
पण हात तिचेच.
टोकं मुडपली गेली,
लाल दोरा बसला,
गाठ पडली, दातानं तुटली.
मग बघत राहिली.
आता ओवायचं कसं ह्याला, दोन्हीकडनं बंद?

त्या दिवशी टोपलीत हजार आणि एक गेले.

पुढचं तिनंच सांगितलं, हसत, खोकत :
बाईनं दाबून बघितलं.
हे काय, राजमणी? पान कुठंय? जर्दा कुठंय?
फेकलं बाजूला.
आणि मी, म्हणाली, मी हात घातला छाटीत.
सगळ्या बघायला लागल्या.
तू काय करतीस? बाई ओरडली.
माझं नाही, म्हटलं. नाकाटोचं आहे.

चाळीस वर्षांत छाटीतनं
पहिल्यांदा काहीतरी परत आलं,
कनवटीला, जर्द्याचा वास लागलेलं.
ते तिनं देवाच्या फळीवर ठेवलं नाही,
माळेतही नाही.
पत्र्याच्या साच्यापाशी ठेवलं,
जिथं हात जातो.

मग गोणपाट ओलं केलं,
आणि उद्याची पानं त्यात गुंडाळली.