सांडणीखिंड

हिला सांडणीखिंड म्हणतात,
पण उंट कुणीच पाहिलेला नाही.
मुकादम सांगायचा, खलिता घेऊन निघालेली एक सांडणी
इथं पाण्यावाचून बसली ती उठलीच नाही.
खलित्यात काय होतं?
लढाई झाली की टळली?
मुकादम बिडी पेटवायचा.

मी बांधकाम खात्यात मैलकुली. बत्तीस वर्षं
दगडांना चुना लावला:
पाटोदा इतके, जामखेड तितके.
एक हिवर होता खिंडीत. त्याला सावली म्हणत नाहीत.

खडकात अजून खुरांची वाट आहे, वीतभर खोल.
लमाणांचे बैल जाताना गहू न्यायचे, येताना मीठ.
रूपला नायकाची गोणी फुटली तेव्हा
बैलांनी चाटून चाटून खडक गुळगुळीत केला.
हात लावून बघा.

माथ्यावर मोगलाईचा करोडगिरी नाका.
गोणीला दोन पैसे, जनावराला आणा,
नवरीच्या डोलीला माफी.
एका साली लग्नसराई सरली तरी डोल्या थांबेनात.
मकदूम शिपाई अदबीचा माणूस,
पडदा उचलायचा नाही.
आतून गुळाचा वास यायचा.

मग रझाकारीतल्या त्या रात्री.
वाजू नयेत म्हणून बायांनी जोडवी काढून ओच्यात बांधली,
तान्ह्यांच्या तोंडात बोट दिलं,
आणि पलीकडच्या हद्दीत उतरण्याआधी
अंधारात चाचपून एकेक दगड ढिगावर ठेवला.
तशी रीतच होती, खिंड ओलांडणाऱ्यानं दगड ठेवायचा.
देवाला नव्हे, देव नाहीच तिथं.
नुसतं, मी इथून गेलो, एवढंच.

ढीग दोन पुरुष उंच झाला होता
जेव्हा रस्ता रुंद करायचं निघालं आणि खडी कमी पडली.
दंडे ओव्हरसियरनं बोट दाखवलं.
मोजमाप वहीत नोंद आहे: जुना ढीग, सत्तावीस ब्रास.
फोडणाऱ्यांत मी होतो, सटवाजी होता,
सटवाजी दर घावाला काहीतरी पुटपुटायचा.
मी नाही. मला रोजंदारी होती, ऊन होतं.

तळाशी एक जोडवं निघालं.
एकच.
वहीत त्याला रकाना नव्हता.

आता मोटारी चार मिनिटांत घाट उतरतात, काचा वर करून.
बायकोला दाखवलं, तिनं हातही लावला नाही,
म्हणाली, दुसरं कुणाच्या तरी पायात असेल.

ते चुन्याच्या डब्यात ठेवलंय.
निवृत्त होताना डबा खात्यात जमा करायचा असतो.
माझ्या नावावर तेवढी एक बाकी आहे.