मुलांना आणू नये

विनिपेग. बाहेर उणे तीस.
तिकिटावर ठळक छापलंय: मुलांना आणू नये.

निळा बाहुला आकडे शिकवतो.
एक घटस्फोट, दोन नोकऱ्या,
तीन महिन्यांचं थकलेलं भाडं.
"आता सगळे मिळून!"
टक्कल पडलेले, पोट सुटलेले आम्ही
एका सुरात ओरडतो: चार!
चार काय, ते कुणी सांगत नाही.

गाढवीण विचारते, आजचं अक्षर कुठलं?
मागून कुणीतरी शिवी हासडतं.
"शाब्बास! पहिलं अक्षर बरोबर."
हसता हसता ठसका लागतो.

बाहुल्याच्या पोटात कोपरापर्यंत शिरलेली ओरिसिया
काळ्या कपड्यांत समोरच उभी.
तिचेच ओठ हलतात,
आणि आम्ही बघतो त्याच्या बटणांच्या डोळ्यांत,
दुधाचा पेला विसरून
लहानपणी बघायचो तसे.

तेव्हाही कुणाचा तरी हात
दुखत असणार.