हात दाखव

जावई म्हणाला, "फोनवरून मागवतो, उद्या दारात येईल."
म्हटलं, बाबा रे, चप्पल आणि सुरी
घालून, धरून बघितल्याशिवाय घेऊ नये.

म्हणून एकटीच निघाले, शेफील्डचा तो उभा उतार
कठड्याला धरून, गुडघ्यांची समजूत काढत.

दुकानातल्या पोराने आधी वय विचारलं.
अठरा पूर्ण आहेत ना? नियम आहे,
सगळ्यांनाच विचारावं लागतं.
मी लोकरीची टोपी काढली.
केस बघून तो कानापर्यंत लाल झाला.

पहिली दाखवली ती जर्मन. जड, वरवंट्याची भाचीच.
मनगटाने तिथल्या तिथे नकार दिला.
दुसरी जपानी, पातळ, अंगात जरा ताठा,
मोडेन पण वाकणार नाही अशा घराण्यातली.
विचारलं, लाल भोपळा चिरेल?
जपून, म्हणाला.
सुरण? त्याला सुरण माहीत नव्हता.
ओलं खोबरं करवंटीतून सोडवायला?
तो हसला, आणि मला कळलं, ही पाहुणी आहे,
हिला काम सांगता येणार नाही.

तिसरीच्या पात्यावर पाण्यावर उठावेत तसे तरंग.
किंमत ऐकून मी दोन्ही हात मागे बांधले.
सोन्याची झाली म्हणून सुरी
उरात थोडीच मारून घ्यायची असते?

एवढ्यात आतून चहाचा मग घेऊन मॉरीन आली,
पोराची आजी, ऐंशीला टेकलेली.
"हात दाखव, लव्ह," म्हणाली, ज्योतिषीण जशी.
तर्जनीवरचा आडवा व्रण तिने अंगठ्याने चाचपला.
हे कशाने?

आता विळी कशी सांगायची शेफील्डला!
एक पाट, म्हटलं. त्यावर बसायचं, एक गुडघा उभा.
पातं पाटालाच जडवलेलं, मान पुढे काढून.
ते हलत नाही.
भाजी जाते त्याच्याकडे.

मॉरीनने मग खाली ठेवला.
"आमचं चाकही तसंच," म्हणाली.
सोळाव्या वर्षी लागली ती कारखान्यात,
पायांना वर्तमानपत्रं गुंडाळून, तोंड काळं होईपर्यंत
चमचे उजळायचे. चाक जागच्या जागी फिरणार,
चमचा आपण न्यायचा त्याच्याकडे.
तिची करंगळी पेरापाशी संपली होती.
मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

मग तिने खालच्या खणातून एक काढली,
साधी, आठ इंची, काळ्या लाकडाच्या मुठीची.
मूठ आणि पातं भेटतात तिथे
माझ्या एका बोटावर ती आडवी ठेवली.
काट्यासारखी थरथरली,
थांबली.
"लिंबाने डाग पडतील. लगेच पुसायची."
चिंचेने?
चिंच काय ते सांगता सांगता दुकान बंद व्हायची वेळ झाली.

बसथांब्यावर एका शाळकरी मुलाचा फोटो,
गळ्यात टाय, पुढचे दोन दात फाकलेले.
जन्मसाल, मृत्यूचं साल,
आणि खाली सुरीचं चित्र, त्यावर लाल फुली.
मी पिशवी उलटी केली, दुकानाचं नाव माझ्याकडे.
पावती मुठीत घट्ट.
बसमध्ये शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.
कशामुळे, कोण जाणे. ओल्या छत्रीमुळेही असेल.
ज्या कुणी त्याला मारलं, त्यानेही
अशीच कुठेतरी धरून बघितली असेल का, तोल कसा आहे?

रात्री ओट्याशी उभी राहिले.
कोबी घेतला, सुरी घेतली,
आणि तिला मुठीत उभी धरून, पातं पलीकडे करून,
कोबीच न्यायला लागले तिच्यावर.
"आई!" लेक किंचाळली. "ती हलवायची असते!"

पंचावन्न वर्षांची सवय.
फळीवर कोबी आडवा केला.
हलवली.

पहिला काप जाडच आला.