एक तृतीयांश

वर्ध्याच्या कोर्टात वर्षातून चार तारखा.
सेलूहून पहिली बस, फडक्यात भाकर आन् आंब्याचा खार.

कंपनीचा वकील इचारते,
"जिल्ह्यात दारूबंदी. मग ड्रायव्हर पिला कुठं?"
मी म्हटलं, साहेब, बोलेरोतून उतरला
तवा मलेच म्हणे, बाजू हो बे.
रक्ताचा रिपोर्ट नागपूरवरून आला तीन महिन्यांनी.
तोवर आमची तेरवी, दिवाळी, दोन्ही होऊन गेल्या.

पंचफुला बाजारात फुटाणे विकायची.
कमाईचा पुरावा?
बाजारठेक्याच्या पावत्या, दहा-दहाच्या,
पिठाच्या डब्याखाली सापडल्या.
भाजल्या चण्याचा वास होता अजून.
वकिलानं टाचणी टोचून फायलीत लावल्या.

वय अडतीस, गुणक पंधरा.
वकिलाच्या हाताखालची पोरगी हिशेब वाचते:
कमाईतून एक तृतीयांश वजा,
मयताचा स्वतःवरचा खर्च.

थांबा जी.
स्वतःवर?
खोबरेलाच्या बाटल्या, वरसाला दोन.
चपलेचा अंगठा तीनदा शिवला.
एकदा घोराडच्या जत्रेत बरफगोळा घेतला,
अर्धा पोरीले दिला.
लिहा ना, एवढंच लिहा.

"काका, कायद्यात तसंच आहे," म्हणाली.
पेन खाली ठेवला, गिलासभर पाणी दिलं.

परतीच्या बसमध्ये पोरीले सांगितलं,
तुझी माय घरात राहून
एवढा पैसा सोतावर उडवत होती,
आन् आपल्याले पत्ताच नाही.

पोरगी हसली.
मंग सेलू येईस्तोवर
खिडकीकडं तोंड करून बसली.