कळकलेलं घड्याळ

रविवार कारंजावरच्या माझ्या हातभर दुकानात
रंगनाथकाका बोलकं घड्याळ ठेवतात काउंटरवर.
दिवाळीपासून मुकं आहे.

झाकण उघडलं. सेल फुटलेले,
स्प्रिंगवर पांढरा खार,
सर्किटवर मोरचुदी बुरशी.
हात लावू नका म्हणेपर्यंत
त्यांनी बोट फिरवलंही, नाकाशी नेलं:
"कळकलंय. कल्हई उडाली की असंच."

चाळीस वर्षं तांबट आळीत हंडे ठोकले त्यांनी;
डोळे गेले, ठोके कानात राहिले.
"चिंच लाव."
चिंच नाही काका, व्हिनेगर.
"आंबटच ना? मग झालं."

काडीवरच्या कापसाखाली खार फसफसला.
जुन्या टूथब्रशनं घासलं, स्पिरिटनं पुसलं.
खाली तांब्याची एक रेघ
खाऊन टाकलेली, केसाएवढी.
तिथं तार टाकली, कथलाचा थेंब ठेवला.
धूर हुंगत ते म्हणाले,
"नवसागर नाही वाटतं?"
नाही. राळ.
"हं."

नवे सेल. खरखर.
मग तो बाईचा आवाज, जरा घोगरा:
बारा वाजले आहेत.

वाजले होते सव्वापाच.
काका हसले, "माझेच सांगतेय."
वेळ लावायला घड्याळ मागितलं
तर देईनात,
बटण दाबत राहिले
पुन्हा, पुन्हा.