अठरा मीटर

कणकुंबीच्या अलीकडं बस सोडली
की बंद चिरेखाणीच्या मागनं वाट निघते.
रुंदी : एका माणसाची.
समोरून कोण आलं तर एकानं कारवीत शिरायचं.
कुणी, ते वयावर ठरतं.

मष्णू गावड्यानं मला ती दाखवली,
एकोणीस वर्षं झाली.
दाखवली म्हणजे पुढं चालला.
तो मागं वळून बघत नाही,
निसरडं आलं की फक्त खोकतो.

तेव्हापासून दिवाळीनंतरच्या रविवारी
शहापूरहून आम्ही येतो,
एक बँकेतली, एक फौंड्रीतला, कॉलेजची चार पोरं,
आणि दगडांवरचे पुसट ठिपके शोधून
त्याच जागी पुन्हा चुना लावतो.

यंदा ठिपक्यांशेजारी खुंट्या होत्या,
लाल रिबिनी बांधलेल्या,
एकीमागं एक, सरळ.
आमची वाट अशी कधी चालली नाही.
ती हिरड्याला वळसा घालते,
वारुळाला घालते,
आणि पुढं एका जागी कशालाच नाही, नुसतीच वळते.
मष्णू म्हणतो, तिथं आधी काहीतरी असणार.

खानापुरात सुनावणी झाली.
साहेब भला माणूस, गदगकडचा.
चहा सांगितला, नकाशा आमच्याकडं फिरवला.
दारि एल्लिदे? वाट कुठाय?
दोन्ही भाषांत विचारलं त्यानं.
नकाशावर नव्हती.
सर्व्हे नंबर नाही, उतारा नाही, कुणाचं नाव नाही.
मष्णूनं कोऱ्या जागेवर बोट टेकवलं
आणि खाणीपासून कड्यापर्यंत हळूहळू नेलं.
मध्ये दोनदा खोकला.

आम्ही म्हटलं, डांबरी रस्त्याच्या कडेनं न्या पाईप.
लांब पडतं, म्हणाले.
किती लांब, ते मलाही ठाऊक होतं.
आणि खोटं कशाला बोलू,
माझ्या ओट्यावर तोच निळा जाळ आहे.
सिलिंडरची खेप चुकली
त्या दिवशी गल्लीत कुंदा मीच वाटलेला.

हिरड्यापर्यंत त्यांनी रेषा सरकवली.
पुढं नाही.
पुढं अठरा मीटरचा पट्टा, लाल, उघडा,
आणि पिवळे खांब.
पाटीच्या अक्षरांपायी माझा चुलता
हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आला,
खरं ह्या खांबांवर तिन्ही भाषा
शेजारी शेजारी, काही तंटा नाही :
खोदू नये. झाड लावू नये.

चालू नये, असं कुठं नव्हतं.
म्हणून गेलो.
सगळ्यांना खांद्याला खांदा लावून जाता आलं असतं,
बैलगाडीसकट.
खरं कुणी पसरलं नाही.
मष्णूच्या मागं एकेक करून चाललो,
कारवीची सवय अंगात ठेवून,
आणि जिथं वारूळ होतं
तिथं त्या सपाट मातीवर
तो वळला.