डाग

राजारामपुरीत जिन्याखाली सहा बाय आठचं दुकान.
आप्पा तिथं बसून मशीनचं पोट उघडायचे.
निघालेला एकेक स्क्रू
पैंजणांच्या जुन्या डबीत, ज्याच्या त्याच्या कप्प्यात.

हुपरीत चौदा वर्षं चांदी झाळलेला हात.
फुंकणीतून ज्योत किती वाकवायची
हे ओठांनाच पाठ.
मग तो धंदा बसला.
टाकणखार गेला, राळ आली.
घुंगरं गेली,
आणि हिरव्या बोर्डावर उतरल्या
केसाएवढ्या एकोणीस तारा,
नखाएवढी एक चिप.

"आमच्यात डाग म्हंजे दागिना," आप्पा सांगायचे,
"डाग म्हंजे जोड बी.
आन् हात हलला, की डाग म्हंजे निस्ता डाग."
गिऱ्हाइकाला त्यातलं काही नको असायचं.
कुठल्याही देशाची तबकडी टाकली
तरी गेम चालला पाहिजे, बास.

मी दहावीत होतो तेव्हा
बागवान गल्लीतला अश्पाक एक कार्ड घेऊन आला.
स्क्रू नको, राळ नको.
मशीन जागं होताना क्षणभर बेसावध असतं,
तेवढ्यात कार्ड आत शिरतं
आणि घरच्याच आवाजात हुकूम सोडतं.
आप्पांनी चष्मा कपाळावर नेला.
"आन् कार्ड काढलं की?"
"की हुतं तसं, चाचा."
"मग बदललं काय?"

मी अश्पाकच्या बाजूनं भांडलो.
तुमची चिप चुकली तर बोर्ड जातो, म्हटलं.
"जातो की," आप्पा म्हणाले,
आणि कावियाचं टोक ओल्या स्पंजावर पुसलं.
चर्र.

त्या सुट्टीत कार्डाच्या जिवावर
युरोपातल्या सगळ्या संघांना मी आमच्या पेठांची नावं दिली.
गोलकीपर अश्पाक.
संध्याकाळी जिन्यावर पोरं मावायची नाहीत.
आप्पाही बघायचे, पाठमोरे, काचेतल्या सावलीत.
एकदाच बोलले :
"मंगळवार पेठेचा रंग चुकलाय."

मग पुण्यात नोकरी लागली.
पहिल्या दिवशी मी म्हणालो, "सॉरी, उशिरा आलो,"
आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या माना वळल्या.
आमच्या गल्लीत पोरी आलो-गेलोच करतात,
आई करायची, तिची आई करायची,
कुणाची मान वळली नव्हती.
मीही एक कार्ड घातलं.
आले. बसले. म्हणाले. थकले.
सुरळीत चालायचं.
शनिवारी रात्री कावळा नाक्याला
गाडीतून पाय खाली टेकला
की आपोआप बाहेर :
"आप्पा, आलो."

बदललं काय, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही.

गेल्या मार्चात उचगावचा एक माणूस
पोत्यात गुंडाळून मशीन घेऊन आला.
वीस वर्षांपूर्वीचं, आप्पांच्याच हातचं.
अश्पाकचं कार्ड कधीच मेलं होतं,
त्यावरच्या पेठाही गेल्या.
इथं अठरा तारा जागच्या जागी,
एकच सुटलेली.

आप्पांचा हात आता पेल्यातला चहा सांडतो.
त्यांनी भिंग धरलं, मी काविया.
"घाई करू नगंस. आधी जागा तापू दे.
कथील आपल्या पायानं येतंय."
आलं,
पण जरा जास्तच आलं.
अंगठा भाजला, धूर डोळ्यात गेला,
आणि आप्पांच्या अठरा बारीक टिपक्यांशेजारी
माझा एक ढब्बू गोळा बसला.

मशीन सुरू झालं.
आप्पा भिंगातून किती तरी वेळ बघत राहिले.
"पडला बघ डाग," म्हणाले.

कुठला, ते विचारणार होतो,
तेवढ्यात उचगावकर म्हणाला,
एकाच तारेचं काम,
पन्नास कमी करा की.